शंखी गोगलगाय खाद्यात वापरताय? आधी या चुका टाळा

२०२२ च्या जुलैत आमच्या लातूर जिल्ह्यात सोयाबीन चांगलं उगवलं होतं, आणि आठवडाभरात ओळीच्या ओळी गायब झाल्या. सकाळी रानात गेलं की जमिनीवर चिकट, चकाकणारे माग दिसायचे आणि दोन पानांवर आलेलं रोप बुडापासून कातरलेलं असायचं. बीड आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतही तीच गत होती. कुणी दुबार पेरलं, कुणी तिबार. पहाटे घरचे सगळे हातात पिशव्या अडकवून बांधाबांधाने गोगलगायी वेचत होते. पोती भरली आणि प्रश्न आला, आता यांचं करायचं काय?

तेव्हापासून दर पावसाळ्यात मला हेच विचारलं जातं. कोंबड्यांना घातल्या तर चालतील का? शेततळ्यातल्या माशांना? माझ्याकडे दीडशेच्या आसपास गावरान कोंबड्या आहेत, थोडी बदकं आहेत आणि एक शेततळं आहे. या तिन्ही ठिकाणी गोगलगाय वापरून पाहिली, काही वेळा नुकसान सोसून शिकलो. उत्तर असं की चालतात. वाळवलेल्या मांसात ५० ते ६० टक्के प्रथिनं असतात, म्हणजे सोयाबीन पेंडीपेक्षा जास्त आणि चांगल्या सुकटीच्या जवळपास. पण गोगलगाय कशी मारायची हे ती वेचायच्या आधीच ठरलेलं असावं लागतं. पीक वाचवण्यासाठी सांगितलेले बहुतेक उपाय, म्हणजे मीठ, चुना, विषारी गोळ्या, तिला खाद्यासाठी बाद करतात. मी जेवढं नुकसान पाहिलं ते बहुतेक इथूनच सुरू झालं.

मिठात मेलेल्या गोगलगायी धुऊन वापरणं

ही चूक मी स्वतः केली आहे. वेचलेल्या गोगलगायी मिठाच्या पाण्यात टाकून मारायच्या, हे आमच्याकडे सगळ्यांना पाठ आहे. पीक वाचवायला ते बरोबरच आहे. पहिल्या वर्षी मी तशाच दोन घमेली गोगलगायी तीन पाण्यांनी धुतल्या, उकडल्या, चेचल्या आणि महिनाभराच्या पिल्लांना भरड्यात कालवून दिल्या. दुपारपर्यंत पिल्लं पाण्याच्या भांड्यावरून हलेनात. संध्याकाळी विष्ठा पाण्यासारखी झाली, दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा पिल्लं मेलेली. उरलेल्यांची पोटं फुगली होती. जनावरांच्या डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारला, खाद्यात मीठ किती होतं?

कोंबडीच्या एकूण खाद्यात मीठ अर्ध्या टक्क्याच्या आत ठेवायचं असतं. पिल्लांना तर त्याहून थोडं जास्त झालेलंही सोसत नाही. मिठात बुडालेली गोगलगाय मरता मरता ढीगभर चिकटा सोडते, तो चिकटा मीठ धरून ठेवतो आणि मांसातही मीठ शिरतं. वरून कितीही पाणी ओतलं तरी ते सगळं निघत नाही. चिकटा लवकर सुटावा म्हणून उकडताना मूठभर मीठ टाकायची सवयही याच कारणाने सोडून द्या. चिकट्यासाठी चुलीतली चाळलेली राख पुरते.

म्हणून वेचतानाच दोन भांडी ठेवा. एक खाद्याचं, त्यात फक्त जिवंत आणि चालत्या गोगलगायी. दुसरं नाशाचं, त्यात मीठ किंवा साबणाचं पाणी. संशय आला की गोगलगाय दुसऱ्या भांड्यात टाका. नाशाच्या भांड्यातली एकही पहिल्यात परत येता कामा नये.

गोळ्या टाकलेल्या रानातून वेचणं

मेटाल्डिहाइडच्या गोळ्या गोगलगायींसाठीच असतात आणि त्या लागूही पडतात. गोळी खाल्लेली गोगलगाय एका जागी पडून राहते, खूप फेस-चिकटा सोडते, शंखात नीट शिरू शकत नाही. अशी सुस्त गोगलगाय वेचायला सोपी असते, आणि धोका तिथेच आहे. नेमक्या विष खाल्लेल्याच आधी हाताला लागतात. ते विष तिच्या पोटात असतं आणि तिथून कोंबडी, बदक, कुत्रा यांच्या पोटात जातं. कोंडा-गुळाच्या आमिषात कीटकनाशक मिसळून ठेवणारेही पुष्कळ आहेत. त्या रानातल्या गोगलगायींबद्दल तर विचारच नको. उकडल्याने जंतू आणि कृमी मरतात. विष गेलं असं मात्र उकडून म्हणता येत नाही.

मी आता साधा नियम पाळतो. ज्या तुकड्यात त्या हंगामात गोळी, आमिष किंवा फवारणी झाली, त्या तुकड्यातली गोगलगाय खाद्याला घ्यायची नाही. शेजाऱ्याने काय टाकलं तेही विचारून घ्यायचं, कारण गोगलगाय शेताचा बांध ओळखत नाही. गोळ्या टाकलेल्या रानात कोंबड्या आणि बदकंही सोडू नका. ती मेलेल्या गोगलगायी आणि पडलेल्या गोळ्या दोन्ही टिपतात.

विषाशिवाय गोळा करायचा उत्तम मार्ग परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या सल्ल्यातच आहे. गुळाच्या पाण्यात बुडवलेली बारदानं संध्याकाळी रानात ठिकठिकाणी पसरायची आणि सकाळी त्यांच्याखाली जमलेल्या गोगलगायी उचलायच्या. मी पपईची पानंही ठेवतो, त्यावर त्या तुटून पडतात. गटाराकडेच्या, उकिरड्यावरच्या, कारखान्याच्या सांडपाण्याजवळच्या गोगलगायीही घेऊ नयेत. त्यांच्या शरीरात, विशेषतः यकृताच्या भागात, जड धातू साठतात.

शंख दिसला की उचलणं

पिकावर येणारी ही मोठी गोगलगाय मूळची पूर्व आफ्रिकेतली. १८४७ मध्ये विल्यम बेन्सन नावाच्या शंखशिंपल्यांच्या अभ्यासकाने ती मॉरिशसहून आणून कोलकात्यात चौरंगीतल्या बागेत सोडली, असं नोंदलेलं आहे. तिथून ती रोपांच्या कुंड्या, माती आणि मालवाहतुकीबरोबर देशभर गेली. ओळखायला सोपी आहे: लांबट, टोकाकडे निमुळता होत जाणारा तपकिरी शंख, त्यावर उभे गडद पट्टे, पूर्ण वाढलेलीचा शंख बोटाएवढा किंवा त्याहून लांब. वेचायची ती फक्त हीच.

ओढ्यातल्या, तळ्यातल्या, भातखाचरातल्या गोगलगायी वेगळ्या. त्या इथल्याच आहेत. त्यांच्यातल्या काहींवर जनावरांच्या यकृतातल्या पर्णकृमींची वाढ होते, तर काहींवर मुग्धबलाकासारखे पक्षी जगतात. या करकोच्याला आपल्याकडे घोंगल्या फोडाच म्हणतात. फुकटचं खाद्य म्हणून स्थानिक गोगलगायींवर हात टाकला की काय होतं ते बांगलादेशाने पाहिलं आहे. तिथल्या बागेरहाट भागात गोड्या पाण्यातल्या कोळंबीच्या शेतीसाठी स्थानिक गोगलगायीचं मांस टनांनी वापरलं गेलं आणि पाणथळ जागांतून ती झपाट्याने कमी झाली. आपण जी कीड आहे तीच उचलायची.

कच्ची खाऊ घालणं, आणि उघड्या हाताने हाताळणं

“आमच्या कोंबड्या रानात टिपतातच की”, हे मला नेहमी ऐकू येतं. टिपतात, आणि त्यातूनच त्यांना पट्टकृमी होतात. कोंबडीच्या आतड्यात राहणारा एक अगदी छोटा पण फार त्रासदायक पट्टकृमी गोगलगायी आणि शंख नसलेल्या गोगलगायींमधूनच येतो. कोंबडी खाते चांगलं आणि वाळत जाते. आतडं किंवा विष्ठा तपासल्याशिवाय कारण कळत नाही.

माणसाच्या बाबतीत धोका जास्त मोठा आहे. उंदराच्या फुप्फुसात राहणारा एक गोलकृमी आहे. चीनमधल्या कँटनमध्ये १९३५ साली उंदरांमध्ये त्याचं वर्णन झालं, म्हणून त्याच्या शास्त्रीय नावातही कँटन आहे. उंदराच्या लेंड्यांतून त्याच्या अळ्या बाहेर पडतात, गोगलगाय त्या खाते आणि तिच्या अंगात त्या पुढच्या अवस्थेला जातात. कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या गोगलगायीतून, न धुतलेल्या पालेभाजीतून त्या माणसाच्या पोटात गेल्या तर मेंदूच्या आवरणाला सूज येऊ शकते. आपण गोगलगाय खात नाही म्हणून निर्धास्त राहू नका. चेचताना उडालेला तुकडा, त्याच विळीवर चिरलेली कोथिंबीर, गोगलगायीशी खेळून तसंच तोंडात बोट घालणारं लेकरू, एवढ्यानेही धोका पुरतो.

तेव्हा हातमोजे घाला. ते नसतील तर हाताला प्लास्टिकची पिशवी बांधा. पातेलं, सुरी, पाटा या कामाचा वेगळाच ठेवा आणि स्वयंपाकघरात नेऊ नका. काम झालं की साबणाने हात धुवा. लहान मुलांना या कामाला लावू नका. आमच्याकडे सुट्टीच्या दिवशी पोरांना पोत्यामागे पैसे देऊन वेचायला लावतात, ते मला अजिबात पटत नाही.

वेचल्या वेचल्या पातेल्यात टाकणं

गोगलगायीच्या पोटात माती, सडका पाला, विष्ठा, रात्री खाल्लेलं काहीही असतं. दोन-तीन दिवस काहीही खायला न देता ठेवलं की बरंचसं रिकामं होतं. यासाठी झाकणाचं प्लास्टिक क्रेट किंवा बारीक जाळीचा पिंजरा घ्या, रोज एकदा पाणी मारून धुवा, आणि त्यात मेलेल्या काढून टाका. मेलेली गोगलगाय काही तासांत कुजते आणि इतरांनाही खराब करते.

इथे दोन गोष्टी सांभाळायच्या. एक म्हणजे पळून जाणं. ती भिंतीवर, जाळीवर, झाकणाच्या फटीतून सहज चढते. झाकणावर दगड ठेवा आणि क्रेटभोवती कोरड्या राखेचा किंवा चुन्याचा पट्टा ओढा. दुसरी गोष्ट अंडी. ही गोगलगाय नर-मादी दोन्ही असते, आणि एकदा संग झाला की पुढे कित्येक महिने फलित अंडी घालू शकते. एका वेळी शंभर ते चारशे, पिवळसर पांढरी, साबुदाण्यासारखी. क्रेटच्या तळाला अशी अंडी दिसली तर ती उकळत्या पाण्यात टाका. धुऊन शेतात फेकली की पुढच्या वर्षीची पेरणी तुम्ही स्वतः करून ठेवली.

याच कारणाने जिवंत गोगलगायी दुसऱ्या गावाला न्यायच्या नाहीत. माझ्या ओळखीतल्या एकाने पाहुण्याच्या बदकांसाठी जीपमधून दोन पोती नेली होती. त्या शिवारात त्याआधी ही गोगलगाय नव्हती.

आणखी एक गैरसमज इथेच सांगतो. पोतं बांधून उन्हात ठेवलं की गोगलगायी मरतात, असं पुष्कळांना वाटतं. त्या शंखात शिरतात, तोंडावर पातळ पडदा धरतात आणि झोपतात. कोरड्या काळात अशा त्या कित्येक महिने तग धरतात. पोतं रिकामं करून मोकळ्या रानात टाकलं आणि पाऊस पडला की उठून चालू लागतात.

उकडण्यात घाई

पाणी आधी खळखळ उकळू द्या, मग गोगलगायी टाका. एका वेळी थोड्याच. पातेलं तुडुंब भरलं तर पाणी थंड होतं, वरच्या थरातल्या नुसत्या कोमट होतात आणि शंखात आखडून बसतात. पाणी पुन्हा उकळी धरल्यापासून १५ ते २० मिनिटं मोजा. कृमींच्या अळ्या त्याआधीच मरतात, पण मोठ्या शंखाच्या आतपर्यंत उष्णता पोचायला आणि मांस शंखातून सुटायला एवढा वेळ द्यावाच लागतो. पहिलं पाणी काळपट, फेसाळ होतं. ते खड्ड्यात ओता, नाल्यात नको.

मग दाभणाने किंवा वाकवलेल्या सळईने मांस ओढून काढायचं. घट्ट, राखाडी-तपकिरी भाग म्हणजे पाय, तो ठेवायचा. त्यामागे वेटोळं घातलेला मऊ, हिरवट-काळा भाग म्हणजे यकृत आणि आतडं. तो काढून खड्ड्यात पुरा. वजन वाढतं म्हणून तो ठेवायचा मोह होतो, मला माहीत आहे. पण विष, धातू, माती, सगळं काही त्या वेटोळ्यात असतं आणि सगळ्यात आधी सडतंही तेच. पायाचं मांस राखेत घोळून, चोळून, दोन पाण्यांनी धुतलं की चिकटा निघतो. राख पूर्ण धुवा.

या कामात हाती किती लागतं हे आधी समजून घ्या, म्हणजे निराशा होत नाही. पोतंभर, समजा ४० किलो जिवंत गोगलगायी असतील, तर शंख, पोट आणि पाणी वजा जाता वाळलेलं मांस दोन ते तीन किलोच उरतं. म्हणून सरपण विकत घेऊन हे करणं परवडत नाही. तुराट्या-पराट्यांवर, घरच्या माणसांच्या हाताने, आणि तसंही वेचावंच लागतं म्हणून केलं तरच ते पदरात पडतं.

भर पावसात वाळवायला घालणं

गोगलगाय येते जून ते सप्टेंबरात, आणि ऊन मिळतं ऑक्टोबरात. या धंद्यातली खरी अडचण ही आहे. ढगाळ हवेत ओसरीवर पसरलेलं उकडलेलं मांस दुसऱ्या दिवशी वास मारतं, तिसऱ्या दिवशी त्यात अळ्या पडतात. ते पुन्हा वाळवून दळलं की वास कमी झाल्यासारखा वाटतो, पण कुजताना तयार झालेले अपायकारक पदार्थ तसेच राहतात. अशी भुकटी खाऊन कोंबड्या हगवणीने खचतात.

माझा सरळ सल्ला असा: पावसाळ्यात वाळवायच्या भानगडीत पडू नका. रोज लागेल तेवढंच उकडा, बारीक चिरा आणि त्याच दिवशी खाऊ घाला. उरलं तर रात्रीपुरतं फ्रिजरमध्ये, पण घरच्या अन्नाच्या फ्रिजरमध्ये नव्हे. आठ दिवसांचा साठा करायचाच असेल तर चुलीवर जाळी बांधून मंद धगीवर किंवा पॉलिथीनच्या सौर वाळवणी यंत्रात, हवा खेळती ठेवून वाळवा. तुकडे अर्धा सेंटीमीटरपेक्षा जाड नकोत. वाळलेला तुकडा वाकवल्यावर कडकन मोडला पाहिजे. लवचिक वाटला तर अजून ओलावा आहे. दळल्यावर हवाबंद डब्यात भरा आणि महिन्याच्या आत संपवा. भुकटी तुपकट लागली किंवा खवट वास आला तर ती खतात जाऊ द्या.

शंखासकट दळून भरड्यात मिसळणं

“शंखात कॅल्शियम असतं, म्हणजे फायदाच”, असं म्हणून अख्खी वाळलेली गोगलगाय गिरणीत घालणारे आहेत. शंख जवळपास संपूर्ण कॅल्शियम कार्बोनेटचा असतो, म्हणजे त्यात तिसऱ्या हिश्श्याहून जास्त कॅल्शियम. शंखासकट दळलेल्या भुकटीत प्रथिनं घसरतात आणि चुना भरतो. पिल्लांच्या खाद्यात कॅल्शियम साधारण १ टक्का पुरतं. ते कित्येक पट झालं की मूत्रपिंडावर ताण येतो, आतल्या अवयवांवर पांढऱ्या खडूसारखा थर बसतो आणि पिल्लं मरतात.

शंख वाया घालवायचा नाही, पण तो वेगळा ठेवायचा आणि फक्त अंड्यावरच्या कोंबड्यांना द्यायचा. अंड्यावरच्या कोंबडीला दिवसाला सुमारे ४ ग्रॅम कॅल्शियम लागतं. शंभर कोंबड्यांना ४०० ग्रॅम, म्हणजे सगळं शंखातूनच द्यायचं म्हटलं तरी रोज किलो-सव्वा किलो शंख पुरतो. बाकीच्या खाद्यातही कॅल्शियम असतंच. उकडलेले शंख धुऊन, तव्यावर किंवा भट्टीत चांगले तापवून, ज्वारीच्या दाण्याएवढे फोडा आणि वेगळ्या भांड्यात ठेवा. कोंबडी गरजेपुरते उचलते. फार बारीक भुकटी करण्यापेक्षा असे खडे पोटात सावकाश विरघळतात आणि रात्री टरफल घडताना उपयोगी पडतात.

पेंड बंद करून सगळं गोगलगायीवर ढकलणं

फुकटचं मिळालं की पेंड बंद करायचा मोह होतो. प्रथिनं ज्या घटकांची बनतात त्यातले लायसिन आणि मेथिओनिन हे दोन कोंबडीला खाद्यातूनच मिळावे लागतात. गोगलगायीच्या प्रथिनात लायसिन चांगलं असतं, मेथिओनिन कमी. मेथिओनिन कमी पडलं की पिसं नीट भरत नाहीत, कोंबड्या एकमेकींची पिसं उपटतात, अंडी लहान होतात. तिळाच्या पेंडीत उलट आहे: मेथिओनिन चांगलं, लायसिन कमी. म्हणून मी भरड्यात गोगलगायीबरोबर थोडी तिळाची पेंड घालतोच. दोघी एकमेकींची उणीव भरून काढतात. तिळाची पेंड मिळाली नाही तर दुकानातलं मेथिओनिन डॉक्टरांना विचारून घाला.

सुरुवात १०० किलो खाद्यात ५ किलो वाळलेल्या भुकटीने करा, तीही सुकट किंवा सोयाबीन पेंड तेवढीच कमी करून. आठ-दहा दिवसांत हळूहळू वाढवा आणि १० किलोवर थांबा. ताजं उकडलेलं मांस देत असाल तर लक्षात ठेवा, त्यात तीन-चतुर्थांश पाणी असतं. मूठभर ओलं मांस म्हणजे मूठभर भुकटी नव्हे. बदकांना जास्त चालतं. ती ताजं, चेचलेलं, उकडलेलं मांस आवडीने खातात.

गाई-म्हशी-शेळ्यांना मात्र हे द्यायचंच नाही. रवंथ करणाऱ्या जनावरांना पेंड आणि चारा आहे, प्राणिज भुकटीचं त्यांना काम नाही. दूध वाढेल असं कुणी सांगितलं तरी ऐकू नका.

शेततळ्यात फेकून मोकळं होणं

जमिनीवरची ही गोगलगाय पाण्यात टाकली की बुडून मरते आणि तळाशी सडते. रोहू, कटला, मृगळ यांना तिचा शंख फोडता येत नाही. सडताना पाण्यातला प्राणवायू खर्च होतो, अमोनिया वाढतो, आणि ढगाळ आठवड्यात पहाटे मासे पाण्यावर तोंड काढून गटागटा हवा घेताना दिसतात. पहिल्या वर्षी मी नाशाच्या भांड्यातल्या गोगलगायी तळ्यात ओतायला निघालो होतो. शेजारच्या काकांनी हात धरला, म्हणून ती माशांची बॅच वाचली.

कार्प माशांसाठी वाळलेली भुकटी शेंगदाणा पेंड आणि तांदळाच्या कोंड्यात मिसळा, शंभरात दहा-पंधरा भाग पुरे. गोळे करून ट्रेमध्ये ठेवून पाण्यात सोडा. अर्ध्या-पाऊण तासाने ट्रे वर काढून पाहा. खाद्य उरलं असेल तर दुसऱ्या दिवशी कमी करा. मांस खाणाऱ्या मरळ, देशी मागूर, पंगस अशा माशांना बारीक चिरलेलं उकडलेलं मांस थेट चालतं. थाई मागुराला आपल्याकडे बंदी आहे. गोगलगायीसारखं स्वस्त मांस हाताशी आलं की लोक त्या माशाकडे वळतात, तसं करू नका.

खाद्य मिळतं म्हणून गोगलगाय पाळणं

आता हे खूप विचारलं जातं: वर्षभर पुरवठा हवा, मग टाक्यांत वाढवल्या तर? याचं उत्तर तैवानने आणि फिलिपिन्सने दिलेलं आहे. १९८० च्या सुमारास दक्षिण अमेरिकेतली एक मोठी पाणगोगलगाय खाण्यासाठी पाळायला म्हणून तैवानात आणली, पुढे काही वर्षांत ती फिलिपिन्समध्ये पोचली. लोकांना चव आवडली नाही, बाजार बसला, टाक्यांतल्या गोगलगायी पाण्यात सोडल्या गेल्या, आणि आज ती आग्नेय आशियातल्या भातशेतीची मोठी कीड आहे. आता फिलिपिन्सचे शेतकरी ती खाचरातून वेचून बदकांना घालतात. ज्या गोष्टीसाठी आणली होती, तीच गोष्ट आता शेत वाचवायला करावी लागते. त्या जातीच्या गुलाबी अंड्यांत विषारी प्रथिनं असतात, म्हणून अंडी कोंबड्यांना घालत नाहीत, ती वेगळी चिरडून नष्ट करतात.

आपल्याकडे वेचणीचा हेतू रान मोकळं करणं हाच राहू द्या. पुढच्या वर्षी खाद्याला गोगलगाय कमी मिळाली तर आनंद माना. बारक्या गोगलगायी “मोठ्या होऊ दे, मग घेऊ” म्हणून सोडून देणारा शेतकरी मी पाहिला आहे. त्याच्या बांधावरून त्या तीन शेतांत गेल्या.

काही बिनसलं तर

कोंबड्या भरडा हुंगून सोडत असतील, तर बहुधा मांस शिळं आहे किंवा चिकटा राहिला आहे. दोन दिवस बंद करा, पुन्हा राखेने धुऊन थोड्या प्रमाणात सुरू करा. पाणी खूप पीत असतील आणि विष्ठा पातळ असेल तर मिठाचा संशय घ्या. खाद्य लगेच काढा, साधं स्वच्छ पाणी ठेवा आणि डॉक्टरांना बोलवा. वाट पाहत बसलात तर पिल्लं जातात, हे मी अनुभवलं आहे.

कोंबडी, बदक किंवा कुत्रा थरथरत असेल, तोंडातून लाळ गळत असेल, झटके येत असतील तर ते मेटाल्डिहाइड असू शकतं. त्यावर घरगुती उतारा नाही, नेमकं प्रतिविषही नाही. पाकीट किंवा त्याचा फोटो घेऊन तासाच्या आत दवाखाना गाठा. खाऊनही अंग धरत नसतील तर विष्ठा तपासून घ्या आणि जंताचं औषध डॉक्टरांच्या सांगण्यावरून द्या. कच्चं मांस कुठून पोटात गेलं तेही शोधा. अंड्याचं टरफल पातळ असेल तर शंखाचे खडे वेगळे ठेवलेत का ते पाहा. पिल्लं सुस्त होऊन मरत असतील तर उलट शंखाची भुकटी त्यांच्या भरड्यात गेली का ते तपासा.

पहाटे मासे वर आले तर त्या दिवशी खाद्य पूर्ण बंद. पंप लावून तळ्याचंच पाणी उंचावरून तळ्यात सोडा, शक्य असेल तर ताजं पाणी घ्या, आणि तळाशी साचलेलं खाद्य काढा. घरात कुणाला या कामानंतर काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी जबर डोकेदुखी, मान ताठणं, उलट्या, अंगावर मुंग्या येणं असं झालं, तर डॉक्टरांना आपण गोगलगायी हाताळतो हे आवर्जून सांगा. ते आपण सांगितल्याशिवाय त्यांच्या लक्षात यायचं नाही.